समासातील नोंदी : बावीस वर्षांनी उघडलेली वही

वाचकहो, गेल्या वर्षीच्या स्मरणिकेत याच सदरात मी झाकरीविषयी लिहिले होते आणि यंदा आपल्या वाडवडिलांच्या स्वयंपाकघराविषयी लिहीन, असे वचन देऊन बसले होते. ते वचन मी मोडीत आहे. त्याला कारण मंडळाची नाट्यसमिती. गणेशोत्सवाच्या दुसऱ्या सायंकाळी होणारी एकांकिका यंदा मुंबईहून मागविलेल्या पुस्तकातून न घेता आपल्यापैकीच कोणीतरी लिहावी, असे समितीने फेब्रुवारीच्या बैठकीत ठरविले. "आपल्यापैकीच कोणीतरी" हे शब्द उच्चारले गेले आणि चारपाच माना माझ्याकडे वळल्या. विशी-पंचविशीत मी मंडळासाठी तीन लहान नाटके लिहिली होती, हे जुन्या सभासदांच्या अजून स्मरणात आहे. माझ्याही स्मरणात होते. पण ते वर येऊ नये अशी व्यवस्था मी फार दिवसांपूर्वी करून ठेवली होती.

मी होकार दिला. घरी आले, जेवणाच्या मेजावरील मुलांच्या वह्या बाजूला सारल्या, कोरा कागद पुढे ओढला. आणि पुढील तीन आठवडे त्या कागदावर काहीही उमटले नाही.

लिहिणे का सुटले, असे कोणी विचारले की मी आजवर एकच उत्तर देत आले : नोकरी, लग्न, दोन मुले, आणि येथील हिवाळा. पंचविसाव्या वर्षी मी शाळेत गणित शिकवू लागले. बेरजा-वजाबाक्यांत व अपूर्णांकांत बावीस वर्षे गेली. हे उत्तर खोटे नाही, पण पुरतेही नाही. माझ्या तिसऱ्या नाटकाच्या प्रयोगाला एक पाहुणे परीक्षक आले होते. समारोपाच्या भाषणात त्यांनी माझ्या भाषेला "बोटीवर भिजलेली मराठी" असे म्हटले. सभागृह हसले. मीही हसले. नाटकात व्याकरणाच्या चुका होत्या, हे मान्य. मॉरिशसमध्ये आजोबांच्या बैठकीत चटईवर बसून गिरविलेली अक्षरे आणि नवव्या वर्षी टोरोंटोला आल्यावर मंडळाच्या शनिवारच्या वर्गात मिळविलेली भर, एवढेच माझे मराठी शिक्षण. घरी आम्ही क्रियोल बोलत होतो, शाळेत इंग्रजी. तरीही त्या रात्री घरी जाऊन मी वही मिटली ती मिटलीच. परीक्षकांना मी आज दोष देत नाही. त्यांचे वाक्य त्यांच्या ओठांवर क्षणभर राहिले असेल. बावीस वर्षे ते जपले मी.

तर तीन आठवड्यांनी एकदाची लेखणी चालू लागली. आठ पाने झाली. वाचून पाहते तो काय, प्रत्येक पात्र दुसऱ्याला काही ना काही समजावून सांगत होते! सून सासूला समजावीत होती, मुलगा बापाला, आणि शेजारीण सर्वांना. कोणाचेही वाक्य अर्धवट राहत नव्हते. कोणी चुकीचे उत्तर देत नव्हते. बावीस वर्षांत मी जे काही लिहिले ते फळ्यावर, किंवा मुलांच्या प्रगतिपुस्तकांत; आणि त्या लेखनाचा धर्मच असा की वाचणाऱ्याला शंका उरता कामा नये. पेशा माणसाच्या हाताला वळण लावतो म्हणतात. त्या वळणाने दुसरे एक वळण पुसून टाकलेले असते, हे आठ पाने लिहिल्यावर कळले. ती पाने मी फाडली. (शिक्षकी सवयीप्रमाणे आधी तांबड्या पेन्सिलीने तपासली, मग फाडली.)

असे दिवस चालले असता शाळेच्या ग्रंथालयात एथेल विल्सन या कॅनेडियन लेखिकेचे एक पुस्तक हाती लागले. बाई १८८८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जन्मल्या, लहानपणीच पोरक्या झाल्या आणि आजीच्या आश्रयाने व्हँकुव्हरला वाढल्या. १९०७ पासून १९२० पर्यंत त्यांनी तेथील प्राथमिक शाळांत शिकविले. पुढे एका डॉक्टरांशी विवाह झाला. त्यांची पहिली कथा छापून आली १९३७ मध्ये, पहिली कादंबरी 'हेट्टी डॉर्व्हल' १९४७ मध्ये. तेव्हा त्यांनी साठी जवळजवळ गाठली होती. आज ब्रिटिश कोलंबियात कथावाङ्मयाचे एक पारितोषिक त्यांच्या नावे दिले जाते. वाचून बरे वाटले, पण धीर आला असे म्हणवत नाही. त्या बाईंना त्यांच्याच भाषेत लिहावयाचे होते. जी भाषा आपल्या मुलांनाही नीट येत नाही, तिच्यात सत्तेचाळिसाव्या वर्षी नाटक लिहावयाचे, हा त्यांचा प्रश्न नव्हता.

धीर आला तो मालतीबाई बेडेकरांमुळे. 'विभावरी शिरूरकर' हे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. मालतीबाई म्हणजे माहेरच्या बाळूताई खरे. जन्म १९०५ चा. वडील शाळामास्तर. मुलींना शिकविणे हे वेड समजले जाई त्या काळी त्यांनी आपल्या मुलींना शिकविले, हिंगण्याला कर्व्यांच्या आश्रमात पाठविले. बाळूताई स्वतःही पुण्याला कन्याशाळेत शिक्षिका झाल्या. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला आणि महाराष्ट्रात एकच गदारोळ उठला. शिकलेली, मिळविती, अविवाहित मुलगी मनात काय बोलते, हे तोपर्यंत कोणी असे उघड लिहिले नव्हते. ही विभावरी कोण, बाई की बुवा, याची चर्चा कित्येक दिवस चालली. पाठोपाठ १९३४ मध्ये 'हिंदोळ्यावर' आणि १९३५ मध्ये 'विरलेले स्वप्न' आले. तीन वर्षांत तीन पुस्तके. आणि नंतर नवी कादंबरी एकदम १९५० मध्ये. मध्ये पंधरा वर्षे गेली.

त्या पंधरा वर्षांतील सुमारे तीन वर्षे बाईंनी काय केले, ते आपल्या वाचकांनी मुद्दाम जाणून घेण्यासारखे आहे. १९३७ च्या सुमारास शाळा सोडून त्यांनी सरकारी नोकरी धरली, आणि ती कोठली, तर सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये एक कायदा करून हिंदुस्थानातील अनेक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या होत्या. त्या जमातींतील माणसांना तारेच्या कुंपणाआड ठेवीत, त्यांची हजेरी घेत, परवान्यावाचून बाहेर जाऊ देत नसत. सोलापूरच्या सेटलमेंटमधील माणसे गिरण्यांतून कामाला जात आणि परत कुंपणात येत. तेथे मालतीबाई अधिकारी म्हणून वावरल्या. हातात हजेरीचे पुस्तक असलेली बाई त्या काळात कथा-कादंबऱ्या लिहीत नव्हती. पण १९५० मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांची 'बळी' ही कादंबरी आली ती त्याच कुंपणातली, मांग-गारुड्यांच्या जीवनावरची. पहिल्या पुस्तकांतील पांढरपेशा घरांची, सुशिक्षित मुलींची चौकट तिने पार ओलांडली. दोन वर्षांनी, १९५२ मध्ये, तो कायदा देशभर रद्द झाला; नाव तेवढे त्या लोकांना चिकटून राहिले.

येथे उत्साही वाचक म्हणतील, पाहा, मधली वर्षे वाया जात नसतात, तो साठाच असतो! मला ते तितकेसे पटत नाही. मालतीबाईंचा तो साठा ठरला, कारण त्यांनी जे पाहिले ते पाहण्याजोगे होते आणि त्यांनी ते पाहिले. माझ्या बावीस वर्षांतील निदान पंधरा केवळ दमण्यात गेली. त्यांना साठा म्हणणे म्हणजे रिकाम्या कणगीला धान्याचे नाव देणे होय. पण बाईंच्या उदाहरणाने एक गोष्ट ध्यानात आली. त्यांनी जेथे सोडले होते तेथून पुन्हा प्रारंभ केला नाही. पंचविशीतली वही शोधून तिचे पुढचे पान लिहावयाचे, हा माझा प्रयत्नच चुकत होता. ती मुलगी आता नाही, आणि तिची नाटके, खरे सांगावयाचे तर, फारशी चांगलीही नव्हती.

त्याच घरात आणखी एक लेखक होते, त्यांचाही ओझरता उल्लेख करते. मालतीबाईंचे पती विश्राम बेडेकर यांनी १९३९ मध्ये 'रणांगण' लिहिली. युद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेल्या आगबोटीवरची ती गोष्ट, ज्यू निर्वासितांची आणि एका मराठी तरुणाची. त्यानंतर ते मुख्यतः चित्रपटांत रमले. प्रभातच्या 'रामशास्त्री'च्या दिग्दर्शनात त्यांचा वाटा होता. मधूनमधून नाटके लिहिली, पण 'टिळक आणि आगरकर' हे त्यांचे गाजलेले नाटक आले १९८० मध्ये, सत्तरी उलटल्यावर, आणि 'एक झाड आणि दोन पक्षी' हे आत्मचरित्र त्याच्याही नंतर. दुसरी कादंबरी त्यांनी लिहिलीच नाही. बोटीवरची गोष्ट एकदाच सांगता येत असावी.

बोटीवरची गोष्ट म्हटले की आपण आपल्या घरी येतो. वर १८७१ हे साल दिले आहे. ज्या वर्षी हिंदुस्थानात तो कायदा झाला, त्याच वर्षी मॉरिशसमध्ये ९,४०१ जुन्या करारबद्ध मजुरांनी एका अर्जावर सह्या-अंगठे केले. आदोल्फ द प्लेव्हित्झ या मळेवाल्याने त्यांच्या वतीने तो गव्हर्नरकडे धाडला. गाऱ्हाणे काय, तर १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या माणसालाही छायाचित्राचे तिकीट जवळ बाळगावे लागे. ते नसले की भटक्या म्हणून धरपकड. शिवाय एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापीत, ते निराळेच. सोलापूरचे कुंपण आणि आपल्या उसाच्या मळ्यांवरील कॅम्प यांत समुद्र होता, पण हजेरीचे पुस्तक एकाच छापाचे होते. 'बळी' वाचताना मला हे सारखे जाणवत राहिले.

आता जे लिहिते ते आईच्या अनुमतीने लिहिते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या आगमनाच्या नोंदी जतन केल्या आहेत, हे आपणांस ठाऊकच आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या मावशीने तेथून आमच्या घराण्याचा कागद काढविला. आमच्या घरी परंपरेने चालत आलेली कथा अशी की, आमचे मूळपुरुष रत्नागिरीकडून पत्नी व भाऊ यांसह आले, मुकादमीवर आले, आणि आले ते स्वखुशीने. कागदात निराळेच आहे. बोटीतून उतरलेली एक बाई, वय बावीस, उंची, कपाळावर जुना व्रण, जिल्हा रत्नागिरी, आणि सोबत एक तान्हे मूल. पुरुष नाही. पतीच्या नावाची जागा कोरी. ज्याला आम्ही मूळपुरुष म्हणत आलो तो त्याच मळ्यावरचा आधी आलेला मजूर. त्याची नि तिची गाठ पुढे पडली. ते तान्हे मूल म्हणजे माझे पणजोबा. १८६७ नंतरच्या तिकिटावर तिचे छायाचित्रही आहे. ती समोर पाहते आहे, आणि तिचा एक हात चौकटीच्या बाहेर कशाला तरी धरून आहे. कशाला, ते दिसत नाही.

हाच माझ्या नाटकाचा विषय, हे त्या छायाचित्राकडे पाहताना ठरले. पाने भराभर होऊ लागली. मुख्य म्हणजे त्या बाईला मी कोणालाही काही समजावू दिले नाही. तिला काय वाटते ते मलाच ठाऊक नव्हते.

मग आईने वाचले. आईची सत्तरी कधीच उलटली आहे. वाचून तिने चष्मा काढून ठेवला.

"हे मंडळात करणार?"

"होय आई."

"लोक नावे ठेवतील. तुझ्या मामांच्या सुना आहेत, त्यांची माहेरे आहेत. आजवर देवघरात ज्यांची पूजा केली त्यांना आता काय म्हणू?"

"आजोबाच म्हणायचे. त्यांनी परक्याचे मूल आपले म्हणून वाढविले, यात उणे काय आहे?"

"उणे मला नको शिकवू," आई म्हणाली. "तू नवव्या वर्षी तिथून निघालीस. आम्ही तिथे राहिलो. बाई एकटी आली म्हटले की पुढे काय बोलत, ते तू ऐकलेले नाहीस."

मला उत्तर सुचले नाही. शिक्षिकेला उत्तर न सुचणे हा मोठा दुर्धर प्रसंग असतो. लेखिका होण्यासाठी आईची मान खाली घालावयाची काय, हा प्रश्न मी त्या रात्री स्वतःला प्रथमच विचारला; विशीत विचारला नव्हता, कारण तेव्हा माझ्या नाटकांत कोणाचेच काही जात नव्हते. एकदा मनात आले, टोपणनाव घ्यावे. विभावरी शिरूरकरांना जे साधले ते मला का साधू नये? माझे यजमान हसू लागले. "आपल्या मंडळात साठ कुटुंबे," ते म्हणाले, "पहिली आरती संपण्यापूर्वी नाव फुटेल, आणि प्रसाद वाटेपर्यंत तुझ्या व्याकरणाच्या चुकाही मोजून होतील." खरेच होते. टोपणनावालाही मोठे शहर लागते.

मी नाटक बाजूला ठेवले. समितीला दुसरा विषय कळवावा म्हणून पत्रही लिहिले, पण ते पाठविले नाही. दोन आठवडे आई त्या विषयावर बोलली नाही. मग एका रविवारी भाजी निवडता निवडता तिने विचारले, "त्या फोटोत तिचा हात कशावर आहे, म्हणून लिहिलेस?"

मी म्हटले, गाठोड्यावर. सर्व चित्रांत असते तसे.

"गाठोडे नाही. माझे वडील सांगत, त्यांच्या बाबांना तिकिटाचा दिवस आठवत होता. फोटो काढणारा साहेब मुलाला चौकटीत घेईना. म्हणाला, तिकीट एकाचे. तिने त्याला बाहेर उभे केले, पण हात सोडला नाही." आईने भाजीची परडी सरकवली. "हे माहीत नसताना तू लिहीत होतीस."

म्हणजे तान्ह्या मुलाची गोष्ट आईला पहिल्यापासून ठाऊक होती. तिच्या वडिलांनाही होती. आमच्या घरात ती दीडशे वर्षे क्रियोलमध्ये, हळू आवाजात, चुलीजवळ सांगितली जात होती. आणि देवघरात मराठीतून मूळपुरुषांची दुसरी गोष्ट चालली होती. भाषेने भाषेपासून झाकून ठेवलेले घर मी आजवर पाहिले नव्हते, आणि मी त्यातच वाढले होते.

आईच्या अटी दोन. बाईचे नाव बदलावे. ते मी बदलले आहे. आणि नाटकात तिने क्रियोलमध्ये एक तरी वाक्य बोलावे, कारण म्हातारपणी ती तशीच बोले. हे दुसरे मला सुचले नसते. शुद्ध मराठीच्या धाकाने मी त्या बाईला पन्नास वर्षे मळ्यावर ठेवून एकही परका शब्द तिच्या तोंडी येऊ दिला नव्हता. आता तिचे बोलणे सैल झाले आहे, आणि नाटकातील तेवढीच वाक्ये मला तपासाविशी वाटत नाहीत. मुलांना कळावे म्हणून इंग्रजी मजकूर पडद्यावर दाखविण्याचे समितीने मान्य केले आहे. त्या क्रियोल वाक्याचे भाषांतर मात्र दाखवू नये, अशी माझी विनंती आहे.

नाटक चांगले उतरले आहे की नाही, हे मला सांगता येत नाही. तिसऱ्या प्रवेशात अजून शाळेचा वास येतो. घराण्यातील काही मंडळी प्रयोगाला येणार नाहीत असे कळले आहे. त्यांचा राग मी समजू शकते. पाहुणे परीक्षक यंदा बोलाविलेले नाहीत.

तालमी दर शनिवारी, मुलांचा मराठी वर्ग सुटल्यावर, त्याच खोलीत होतात. म्हाताऱ्या सरदाराची भूमिका करावयास अद्याप कोणी मिळालेले नाही. साठीपुढील, मळ्यावरची जुनी मराठी ज्यांच्या कानात आहे अशा गृहस्थांनी समितीच्या चिटणिसांना कळवावे. संवाद फक्त अकरा आहेत.